इंग्लंडमध्ये शेतावरच्या कबुतरांच्या शिकारीची सुरुवात कशी करावी? बंदूक कोणती घ्यावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नोकरीनिमित्त लिंकनशरमध्ये राहता, ऑफिसातला एकजण शनिवारी शेतांवर कबुतरे मारायला जातो, शेतकरीच बोलावतात म्हणतो. तुम्हालाही शिकायचे आहे, आणि पहिली शंका बंदुकीची आहे.

बंदूक सगळ्यात शेवटी घ्या. आधी पक्षी ओळखायला शिका.

तिथे शेतावर मारतात ते वुडपिजन. आपल्या खिडकीत घुमणारा पारवा नव्हे, त्याहून बराच मोठा, साधारण अर्धा किलोचा. मानेवर पांढरा डाग आणि उडताना पंखावर ठळक पांढरा पट्टा. कोवळ्या पक्ष्यांना मानेवरचा डाग नसतो, म्हणून खात्रीची खूण पंखाचीच. त्याच शेतात स्टॉक डव्हही उतरतो: लहान, राखाडी, अंगावर पांढरे कुठेच नाही. तो मारणे गुन्हा आहे. शर्यतीचे कबुतर असेल तर ते कुणाच्या तरी मालकीचे. पंखावर पांढरे दिसले नाही तर घोडा दाबायचा नाही, इतका साधा नियम ठेवा.

कायद्याची बाजू बऱ्याच जणांना उलटी समजलेली असते. 1981 च्या वन्यजीव कायद्याने तिथे सगळ्याच रानपक्ष्यांना संरक्षण आहे. वुडपिजन मारता येतो तो जनरल लायसन्समुळे. पिकाचे गंभीर नुकसान टाळण्यासाठीच्या इंग्लंडमधल्या लायसन्सचा क्रमांक जीएल 42. अर्ज करावा लागत नाही, पण अटी पाळाव्या लागतात, आणि ‘हौस’ हे कारण त्यात बसत नाही. शेतकऱ्याने बुजगावणी, गॅसच्या आवाजी तोफा असले उपाय करून पाहिलेले असावेत आणि नुकसान खरे असावे. जमीनमालकाची परवानगी लेखी घ्या. लायसन्सची ताजी प्रत दरवर्षी वाचा. स्कॉटलंड आणि वेल्सचे नियम वेगळे आहेत. आणि हे सगळे तिथल्यापुरते: सुट्टीत गावी आल्यावर माळावर असला प्रयोग करू नका, भारतात 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे.

आता नेम. पोलिसांनी मान्यता दिलेल्या क्ले मैदानावर परवाना नसतानाही तिथलीच बंदूक घेऊन शिकता येते, 1968 च्या बंदुकांच्या कायद्यात तशी सोय आहे. क्ले म्हणजे डांबर-चुन्याची 110 मिलिमीटरची तबकडी. पूर्वी पिंजऱ्यातून खरी कबुतरे सोडून त्यांच्यावर बार काढत. ब्रिटनमध्ये ते 1921 मध्ये बंद झाले, पण तबकडीला ‘क्ले पिजन’ हे नाव राहिले. प्रशिक्षकाबरोबर सात-आठ वेळा जा. पहिल्याच दिवशी तुमचा कोणता डोळा वरचढ आहे ते तपासून घ्या. उजव्या खांद्यावर बंदूक आणि डावा डोळा वरचढ असेल, तर सगळे बार एकाच बाजूला जातात आणि माणूस उगाच बंदुकीला दोष देतो.

बार चुकतो तो बहुतेक वेळा पक्ष्याच्या मागे. समोरून आडवे, ताशी 65 किलोमीटरने जाणारे कबुतर 27 मीटरवर असेल, तर छर्रे पोहोचेपर्यंत ते जवळजवळ दीड मीटर पुढे सरकलेले असते. बंदूक पक्ष्यामागून आणा, त्याला ओलांडा, दाबा, आणि दाबल्यावरही फिरवत राहा. नवशिका दाबण्याच्या क्षणी हात थांबवतो किंवा बघायला गाल दस्त्यावरून उचलतो. दोन्ही चुका डोळा नळीकडे गेल्याने होतात. नजर पक्ष्याच्या चोचीवर हवी.

शॉटगन सर्टिफिकेटचा अर्ज स्थानिक पोलिसांकडे. मुदत पाच वर्षे. डॉक्टरांकडून आरोग्याची माहिती लागते, अधिकारी घरी येऊन जातो, काही महिने सहज जातात. पोलादी कपाट भिंतीत बोल्टने बसवावे लागते, तेव्हा भाड्याच्या घरात आधी घरमालकाला विचारा. चावीची जागा परवाना नसलेल्या कुणालाही कळता कामा नये. त्यात बायको आणि सासरेही आले. थर्ड पार्टी विमाही हवाच. तिथल्या नेमबाजी संघटनांच्या सभासदत्वात तो मिळतो.

सर्टिफिकेट हातात आले की बंदूक: 12 बोरची, वरखाली नळ्यांची, 28 किंवा 30 इंची, जुन्या बाजारातली चालेल. दोन्ही नळ्यांना पाव चोक (नळीच्या तोंडाचा आवळ, जो छर्रे किती पसरतील ते ठरवतो) पुरे. काडतूस 28 ते 30 ग्रॅमचे, सहा नंबरचा छर्रा. शिशाच्या छऱ्यांवरची बंदी पुढच्या काळात येते आहे, म्हणून पोलादी छऱ्यांसाठी चालणारी बंदूक आताच बघा. पोलादात चार नंबर घ्या आणि अर्ध्या चोकपेक्षा घट्ट चोक लावू नका. वॉड, म्हणजे काडतुसातला छऱ्यांमागचा बोळा, प्लास्टिकचा नको, रानात पडलेले प्लास्टिक पाहून शेतकरी पुन्हा बोलावत नाही.

खरे काम बार काढण्याआधीचे. आदल्या दिवशी दुर्बीण घेऊन गाडीत दोन तास बसा. कबुतरे कुठून येतात, कोणत्या झाडावर टेकतात, शेताच्या कोणत्या कोपऱ्यात उतरतात हे लिहून ठेवा. हिवाळ्यात ती रेपसीड या तेलबियांच्या पिकाच्या पानांवर, वसंतात नव्या पेरणीवर आणि वाटाण्यावर, उन्हाळ्यात आडव्या पडलेल्या बार्लीवर. पक्षी जिथे उतरतायत तिथेच बसायचे. ‘तिथे आडोसा छान आहे’ म्हणून शंभर मीटर बाजूला बसणारा दिवसभर दुसऱ्यांच्या कबुतरांकडे बघत राहतो.

आडोसा म्हणजे चार-पाच खांब आणि जाळी, कुंपणाच्या झुडपांना टेकून. पाठीमागे गडद पार्श्वभूमी हवी, नाहीतर आकाशापुढे डोके दिसते. वारा पाठीवर किंवा किंचित तिरपा. कबुतर वाऱ्याला तोंड करून उतरते, म्हणून दहा-बारा डिकॉय, म्हणजे थवा ओढायला ठेवलेली नकली कबुतरे, घोड्याच्या नालासारखे मांडा, उघडी बाजू वारा जिकडे वाहतो तिकडे, म्हणजे तुमच्यापासून लांब. मधली मोकळी जागा तुमच्यापासून 20 ते 25 मीटरवर. शेवटचा डिकॉय 35 मीटरवर ठेवला की मर्यादा आपोआप कळते. त्यापलीकडे बार काढायचा नाही, पक्षी जखमी होऊन निसटतो. दोन डिकॉयमध्ये दीड-दोन मीटर सोडा. दाटीवाटीने मांडले तर घाबरून उडायच्या बेतातला थवा दिसतो. सगळ्यांची तोंडे एकाच दिशेला केलीत तर कवायत दिसते.

येणारे पक्षी शेवटच्या क्षणी वळून जात असतील तर बाहेर पडून बघा. बहुतेकदा मेलेले कबुतर उताणे पडलेले असते. पांढुरके पोट वरून लांबून चमकते. ते पालथे करा, पंख मिटा, आणि तेच डिकॉय म्हणून वापरा. दुसरे कारण रिकामी चकाकती काडतुसे, तिसरे तुमचा उघडा चेहरा. डिकॉय गोल फिरवणारे यंत्र, ज्याला मॅग्नेट म्हणतात, कधी थवे ओढते, कधी पळवते. तासाभरात फरक पडला नाही तर बंद करा. वारा अजिबात नसलेला दिवस सहसा वाया जातो.

बंदूक आडोशात बसल्यावरच भरायची, डिकॉय सारखे करायला उठताना रिकामी करून उघडी ठेवायची. जमिनीवरच्या किंवा झुडपाच्या उंचीवरच्या पक्ष्यावर बार नाही. शेतातून पायवाट जात असेल तर त्या बाजूला नळी वळू नये म्हणून आडोशाच्या त्या बाजूला एक खांब उंच रोवा, हात तिथेच अडतो.

शेतकऱ्यांशी ओळख नसेल तर फेझंट या रानपक्ष्याच्या शिकारीच्या हंगामात, 1 ऑक्टोबर ते 1 फेब्रुवारी, हाकारा म्हणून जा. काठी आणि चांगले बूट पुरतात, थोडे पैसे मिळतात, आणि रानातले शिष्टाचार तिथेच कळतात. परवानगीची शेते बहुधा याच ओळखीतून मिळतात.

शेवटी, पडलेल्या कबुतराच्या गळ्याखालची पिशवी बोटाने चाचपा आणि चाकूने उघडा. हिरवा चोथा निघाला तर रेपसीड, टणक गोळ्या म्हणजे वाटाणे. ते एका डबीत घालून शेतकऱ्याला दाखवा: नुकसानीचा पुरावा त्यालाही मिळतो. आणि त्याच्या शेतात नसलेलेच धान्य निघाले, तर पुढच्या शनिवारी कुठले शेत बघायचे ते तुम्हाला कळते.