१९४६चं सेसना १४० विमान, इंजिनाच्या ओव्हरहॉलनंतर (पूर्ण खोलून नव्याने बांधल्यानंतर) फक्त ३१० तास. घ्यावं का, आणि सांभाळायला काय लागतं?

तुम्ही जाहिरातीतला तपशील दिला आहे तो असा: १९४६चं सेसना १४०, कॉन्टिनेंटल सी-८५-१२ इंजिन, १९८९ मध्ये ओव्हरहॉल, त्यानंतर ३१० तास, कापडी पंख, रिकामं वजन ९४८ पौंड, विमान ओहायोत हँगरमध्ये. तुमचं म्हणणं, ‘इंजिन जवळपास नवंच आहे, मग खर्च येणार कशाचा?’ सर्वात आधी त्या इंजिनाचंच बघू.

३१० तासांना पस्तीसहून जास्त वर्षांनी भागा. वर्षाला नऊ तासही पडत नाहीत. कॉन्टिनेंटलने या इंजिनाला १८०० तास किंवा १२ वर्षं, जे आधी होईल ते, अशी ओव्हरहॉलची शिफारस केलेली आहे. खासगी वापरात ती पाळायची सक्ती नाही आणि कित्येक सी-८५ त्यापुढेही उत्तम चालतात. पण ती चालतात, कारण ती चालवली जातात. उभ्या इंजिनाच्या सिलिंडरच्या भिंतींवरून तेलाचा थर उतरतो आणि हवेतल्या दमटपणाने तिथे गंज धरतो. सी-८५ त्यातल्या त्यात नशीबवान, कारण त्याचा कॅमशाफ्ट क्रँकशाफ्टच्या खाली असतो आणि त्यावर तेल निथळत राहतं. लायकमिंगच्या इंजिनांत तो वर असल्याने आधी तोच खराब होतो. ज्याने वर्षाला ६० तास उडवलं आहे अशा ९०० तासांच्या इंजिनाला मी या ३१० तासांपेक्षा जास्त पैसे देईन.

म्हणून खरेदीआधीच्या तपासणीत प्लग काढून चारही सिलिंडर बोअरस्कोपने, म्हणजे आत घालायच्या बारीक कॅमेऱ्याने, बघायला सांगा. कॉम्प्रेशन इंजिन गरम असताना घ्यायचं: एका बाजूने ८० पौंड दाब द्यायचा, सिलिंडर किती धरतो ते दुसऱ्या गेजवर वाचायचं. आकड्याइतकंच कान देणं महत्त्वाचं. सुसकारा एक्झॉस्टमधून आला तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, कार्ब्युरेटरमधून आला तर इनटेक, तेल भरायच्या तोंडातून आला तर रिंग. बरेच दिवस उभ्या असलेल्या इंजिनाच्या रिंगा दहा-पंधरा तास उडवल्यावर कधीकधी पुन्हा बसतात; व्हॉल्व्हची गळती मात्र आपोआप बरी होत नाही.

आता इंजिन बाजूला ठेवा, कारण या विमानात मोठा खर्च निघतो तो बहुधा इतर तीन जागी.

पहिली जागा म्हणजे गिअरबॉक्स. गिअर बदलायची पेटी नव्हे. चाकांचे स्प्रिंग-स्टीलचे पाय दाराच्या खाली धडात जिथे बसतात त्या चौकटीला इथे गिअरबॉक्स म्हणतात. १४० हे टेलव्हीलचं, म्हणजे तिसरं चाक शेपटीखाली असलेलं विमान. कोणीतरी कधीतरी ते आडवं टेकवलेलं असतं किंवा ग्राउंड लूप (जमिनीवर धावताना गर्रकन फिरणं) केलेलं असतं, आणि ते लॉगबुकात असेलच असं नाही. पोटाच्या पत्र्यावर सुरकुत्या, काळ्या रेघा सोडणारे सैल रिव्हेट, दाराच्या खांबाच्या तळाशी तडे, नीट न लागणारं दार, ही त्याची लक्षणं. आतली जमीन उचलून टॉर्च आणि आरसा घेऊन बघावं लागतं. चाकं पुढे सरकवणारे एक्सटेंडर लावलेले असतील तर आणखी बारकाईने बघा. जोरात ब्रेक मारल्यावर विमान नाकावर जाऊ नये म्हणून ते लावतात, पण त्यांच्यामुळे त्या चौकटीवर पीळ जास्त येतो. पुढच्या काळातल्या १४० मध्ये सेसनाने पायच पुढे झुकवले आणि एक्सटेंडरची गरज संपवली.

दुसरी जागा पंखांचं कापड. मूळचं ग्रेड ए सुती कापड आता क्वचितच दिसेल; पॉलिएस्टर असेल. नियम मात्र मूळ कापडाच्या ताकदीवरच चालतो: नवं ग्रेड ए इंचाला ८० पौंड ताण सहन करतं आणि ७० टक्क्यांच्या, म्हणजे ५६ पौंडांच्या खाली गेलं की बाद. पॉलिएस्टर स्वतः लवकर कुजत नाही. त्याचा शत्रू ऊन, आणि उन्हापासून वाचवतो तो रंगाखालचा चंदेरी थर. रात्री हँगर अंधारा करून पंखाच्या एका बाजूला दिवा धरा; तपासणीच्या झाकणातून आत बघताना प्रकाश पाझरताना दिसला तर तो थर पातळ आहे. रंगाला गोल गोल तडे गेलेले असले तरी खालचं कापड शाबूत असू शकतं. पण दोन्ही पंख नव्याने मढवायला हौशी माणसाला एक अख्खा हिवाळा लागतो आणि दुकानात दिलं तर मजुरी विमानाच्या किमतीचा मोठा हिस्सा खाते. एक गोष्ट त्यातही भल्याची: कापड उतरल्यावर आतल्या बरगड्या, तारा आणि गंज उघड्यावर दिसतात. काही मालकांनी पंखांना पत्रा चढवून घेतलेला असतो. कापडाची कटकट संपते, पण वजन वाढतं आणि आतलं काहीच दिसेनासं होतं. मला स्वतःला कापडच बरं वाटतं.

तिसरी जागा कागद. ही बाकी दोन्हींपेक्षा महाग पडू शकते. ओक्लाहोमा सिटीतल्या एफएएच्या, म्हणजे अमेरिकेच्या विमान-वाहतूक नियामकाच्या, दप्तरातून या विमानाची पूर्ण फाइल मागवा. प्रत्येक मोठ्या दुरुस्तीचा आणि बदलाचा फॉर्म ३३७ त्यात असतो. मग विमानाजवळ उभं राहून एकेक ताडून बघा: गुडइयरचे जुने ब्रेक काढून क्लीव्हलंडचे बसवले आहेत, पण त्याचा कागद आहे का? आसनांचे खांद्याचे पट्टे, दुसरं जनरेटर, वेगळा प्रोपेलर? कागद नसलेला प्रत्येक बदल पुढच्या वार्षिक तपासणीत तुमच्या गळ्यात पडतो, विकणाऱ्याच्या नाही. एडींची, म्हणजे सक्तीच्या सुरक्षा आदेशांची यादी विमान, इंजिन, प्रोपेलर, मॅग्नेटो (प्लगला ठिणगी देणारं यंत्र) आणि इग्निशन स्विच अशी वेगवेगळी तपासावी लागते.

वार्षिक तपासणी इन्स्पेक्शन ऑथरायझेशन (तपासणीवर सही करायचा अधिकार) असलेल्या ए अँड पी, म्हणजे विमान आणि इंजिन दोन्हींचा परवाना असलेल्या, मेकॅनिककडूनच होते. पण मालकाने स्वतः स्क्रू, फेअरिंग, जमिनीचे पत्रे आणि काउलिंग (इंजिनावरचं आवरण) काढून दिलं, तर बरीच मजुरी वाचते. असं करू देणारा मेकॅनिक विमान घेण्याआधी शोधा, नंतर नाही. जुन्या टेलव्हीलला हात न लावणारेही बरेच असतात.

प्रायव्हेट पायलट म्हणून तुम्ही काही कामं स्वतः कायदेशीरपणे करू शकता. एफएएच्या देखभाल-नियमांतल्या पार्ट ४३च्या परिशिष्ट ए मध्ये त्यांची यादी आहे. त्यातलं पहिलं तेल बदलणं. सी-८५ ला मूळचा फिल्टर नाही, फक्त जाळी आहे, म्हणून दर २५ तासांनी, किंवा चार महिने झाले तर तास न मोजता, तेल बदला. तेल जेमतेम साडेचार क्वार्ट, कंजुषी करण्यासारखं काही नाही. उडवून आल्यावर गरम असतानाच काढा. जाळी काढून पांढऱ्या कागदावर धुवा. काळी कुरकुरीत पूड म्हणजे कार्बन, ती चालते. चुंबकाला चिकटणारे कण दिसले तर थांबा आणि मेकॅनिकला दाखवा. रबराचे तुकडे दिसले तर ते बहुतेक जनरेटर ज्या कपलिंगवर फिरतं त्यातल्या रबरी गादीचे असतात, आणि ती गादी पूर्ण फुटायच्या आत बदलायची असते. जाळी बसवताना तांब्याचा वॉशर नवा, सेफ्टी वायर नवी, इंजिन दोन मिनिटं चालवून गळती बघायची, आणि लॉगबुकात तारीख, टॅकोमीटरचे तास, काय केलं, सही, लायसन्स क्रमांक.

दुसरं काम प्लग, आणि इथे या इंजिनाचा खरा दुखरा भाग येतो. सी-८५ हे ७३ ऑक्टेनच्या पेट्रोलसाठी बनलं. आज विमानतळावर मिळतं ते १००एलएल. नावात ‘लो लेड’ असलं तरी जुन्या ८० ऑक्टेनच्या विमान-पेट्रोलपेक्षा त्यात चौपटीपर्यंत शिसं असू शकतं. मंद चालणाऱ्या थंड इंजिनात ते पूर्ण जळून बाहेर जात नाही. खालच्या प्लगमध्ये राखाडी काचेसारखे मणी साठतात आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या दांड्यावर थर चढतो. सकाळी पहिल्यांदा सुरू केल्यावर इंजिन एका सिलिंडरवर अडखळलं आणि मिनिटभराने सुरळीत झालं, तर तो अडकणारा व्हॉल्व्ह आहे. ‘थंडीमुळे’ म्हणून सोडून देऊ नका. पुढच्या खेपेला तो उघडाच अडकून पुशरॉड वाकवू शकतो. व्हॉल्व्हचा दांडा ज्यात सरकतो तो गाइड साफ करायला सिलिंडर काढावाच लागतो असं नाही. मेकॅनिक प्लगच्या भोकातून दोर भरून व्हॉल्व्ह आतून धरून ठेवतो आणि काम उरकतो.

प्लग दर ५० तासांनी काढा, मणी टोकदार हत्याराने उचकटा, फट ०.०१६ ते ०.०२१ इंच ठेवा, ओहममीटरवर रोध ५००० च्या वर दाखवणारा प्लग फेकून द्या. वरचे खाली आणि खालचे वर बसवा. हातातून जमिनीवर पडलेला प्लग पुन्हा लावायचा नाही, कितीही नवा असला तरी. जमिनीवर इंजिन ६०० आरपीएमवर टकटकत ठेवू नका, १००० च्या आसपास ठेवा. इथेनॉल नसलेलं मोटारीचं पेट्रोल जवळ मिळत असेल तर त्यासाठी एसटीसी, म्हणजे एफएएची बदलाची मान्यता, घेता येते आणि शिशाचा प्रश्न बराचसा मिटतो. इथेनॉल असलेलं अजिबात नाही; ते सीलं खातं आणि पाणी ओढतं.

स्ट्रॉमबर्ग कार्ब्युरेटर असेल तर दोन गोष्टी माहीत हव्यात. एक, त्याची मिक्स्चरची (इंधन-हवेचं प्रमाण ठरवणारी) दांडी बऱ्याच विमानांत तारेने कायमची रिचवर, म्हणजे जास्त इंधनावर, बांधून टाकलेली असते. दोन, त्याला आयडल कट-ऑफ (इंधन तोडून इंजिन बंद करायची सोय) नाही, म्हणजे इंजिन बंद होतं ते मॅग्नेटोच्या स्विचनेच. स्विचची अर्थिंगची तार तुटलेली असेल तर चावी काढल्यावरही प्रोपेलर जिवंत राहतो, म्हणजे हाताने फिरवला तर इंजिन सुरू होऊ शकतं. बंद करण्याआधी आयडलवर क्षणभर स्विच ऑफ करून इंजिन मरायला लागतं का बघायची सवय लावा. याच कुटुंबातल्या इंजिनांना कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरायची खोड आहे, आणि ती कडाक्याच्या थंडीपेक्षा दमट, कोवळ्या दिवशी जास्त दिसते. कोकणात पावसाळ्यात पापड सादळतात ना, तसल्या हवेत कार्ब हीट (कार्ब्युरेटरला गरम हवा देणारी कळ) लवकर आणि पूर्ण ओढा, अर्धवट नाही.

उभ्या विमानाचं इंजिन ‘जरा गरम करायला’ जमिनीवर चालवणं हे न चालवण्यापेक्षा वाईट. तेल १८० फॅरनहाइटच्या आसपास जाऊन तासभर राहिलं तरच त्यातलं पाणी उडतं, आणि ते हवेतच होतं. उडवायला जमणार नसेल तर हात लावू नका. शेपटीच्या नळकांड्यात उंदरांनी घर केलं आहे का तेवढं बघा. त्यांच्या मुतानं ॲल्युमिनियम सडतं.

सुट्या भागांची काळजी वाटते तितकी नको. १२० आणि १४० मिळून सात हजारांच्या घरात बनली, मालकांची आंतरराष्ट्रीय संघटना आहे, कोलोरॅडोतलं युनिव्हेअर अजून बरेच भाग बनवतं. ओढून लावायच्या स्टार्टरचा क्लच मात्र दुर्मीळ आणि महाग. सुरू करताना इंजिन उलटा झटका देत असेल तर मॅग्नेटोचा इम्पल्स कपलिंग (सुरू करताना ठिणगी उशिरा पाडणारा भाग) आधी तपासून घ्या, नाहीतर तोच झटका क्लच मोडतो.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, उन्हाळ्यात पुण्याहून येणाऱ्या वडिलांना नेण्याचा. कमाल वजन १४५० पौंड, त्यातून रिकामं वजन ९४८ वजा, ५०२ राहिले. जुन्या हिशेबात रिकाम्या वजनात तेल बहुधा धरलेलं नसतं, आणखी ८ गेले: ४९४. दोन्ही टाक्या भरल्या तर २५ गॅलन म्हणजे १५० पौंड, उरले ३४४. तुम्ही ८२ किलो आणि वडील ८४, मिळून ३६६ पौंड. म्हणजे टाकी भरून जमत नाही. २० गॅलन घेतलं तर ८ पौंड शिल्लक राहतात, आणि तासाला पाचेक गॅलन जळतं म्हटल्यावर दोन तासांच्या फेरीला ते पुरतं. सेंटर ऑफ ग्रॅव्हिटीचा हिशेब वेगळा करा, आणि ९४८ हा आकडा तराजूवरचा आहे की १९४६ पासून कागदावर बेरीज-वजाबाकी करत आलेला, ते आधी विचारा. मागच्या सामानाच्या जागेत चकल्यांचा डबा जाईल. साडेतीन किलोंचा, त्याहून मोठा नाही.