दोन-तीन तासांच्या पुरवणीला पैसे घालावेत का?

प्रश्न : ताई, नमस्कार. माझं इचलकरंजीत यंत्रमागाच्या सुट्या भागांचं दुकान आहे. गेल्या उन्हाळ्यात नववीतल्या लेकीबरोबर 'कपहेड' हा व्हिडिओ गेम खेळायला सुरुवात केली. रोज रात्री जेवणं झाली की अर्धा तास, त्याहून जास्त नाही. साडेचार महिन्यांनी आम्ही दोघांनी मिळून शेवटच्या सैतानाला हरवलं. आता तिला त्याचा पुढचा जोडभाग हवाय, 'द डिलिशियस लास्ट कोर्स'. तिचा मामेभाऊ म्हणतो, तो दोन-तीन तासांत संपतो, उगाच पैसे घालू नका. घरातही तेच मत आहे. रक्कम मोठी नाही, पण संपणाऱ्या वस्तूला पैसे द्यावेत का?
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : घ्या. तुमच्या पत्रात 'साडेचार महिने' वाचलं तेव्हाच माझं उत्तर ठरलं होतं.

मामेभाऊ खोटं बोलत नाही. हात बसलेला मुलगा हा भाग एका संध्याकाळी संपवू शकतो. पण 'कपहेड'मध्ये जिंकलेली लढत असते दोन-तीन मिनिटांची. बाकी सगळा वेळ हरण्यात जातो, आणि तो वेळ ज्याचा त्याचा. मूळ खेळाला तुम्हाला साडेचार महिने लागले, तर मामेभावाचे ते तीन तास तुमच्या घरात तीन-चार आठवडे सहज पुरतील. मी आणि माझा भाचा दिवाळीच्या सुट्टीत खेळलो. यात विमानात बसलेल्या कुत्र्यांची एक टोळी आहे, 'हाउलिंग एसेस'. तिच्या शेवटच्या टप्प्यात अख्खा पडदाच आडवा फिरतो, डावं-उजवं कळेनासं होतं. त्या एका लढतीपायी आमच्या चार संध्याकाळी गेल्या. पाचव्या दिवशी जिंकलो तेव्हा भाचा इतक्या जोरात ओरडला की शेजारच्या काकू विचारायला आल्या.

हिशेबही सांगते, घरी दाखवायला उपयोगी पडेल. मूळ खेळ 29 सप्टेंबर 2017 ला आला, किंमत 19.99 डॉलर, त्यात 19 बॉस, म्हणजे लढून हरवायचे मोठे खलनायक. हा भाग 30 जून 2022 ला आला, 7.99 डॉलरला. त्यात 6 मोठे बॉस, बुद्धिबळाच्या सोंगट्यांच्या 5 लढती आणि एक लपवलेली लढत. ती कुठे आहे ते लेकीला शोधू द्या. म्हणजे चाळीस टक्के पैशांत निम्म्याहून जास्त लढती. रुपयांतला भाव दुकानागणिक वेगळा असतो, तो घेताना बघा.

एक गोष्ट मात्र यात नाही. मूळ खेळात धावत-गोळ्या झाडत पुढे जायच्या ज्या लेव्हल होत्या, तशी एकही इथे नाही. लेकीला त्या जास्त आवडल्या असतील तर आधीच सांगून ठेवा, नाहीतर हिरमोड होईल.

सोंगट्यांच्या लढती तुमच्यासारख्या जोडीला फार मानवतील असं मला वाटतं. तिथे बंदूकच चालत नाही. गुलाबी वस्तूवर उडी मारून नेमक्या क्षणी पुन्हा बटण दाबायचं, ती 'पॅरी' एवढंच हत्यार. आता आठवा, तुमच्यातलं एक जण आउट झालं की त्याचं भूत वर तरंगायला लागायचं आणि दुसऱ्याने उडी मारून, पॅरी करून त्याला परत आणायचं. साडेचार महिने तुम्ही एकमेकांना असंच वाचवलंय. तो हात इथे कामाला येतो.

तुमच्या पत्रातला 'जोडभाग' शब्द चांगला आहे, पण मी याला पुरवणी म्हणते. मी शाळेत चित्रकला शिकवते आणि परीक्षेला सुपरव्हिजनही करते, त्यामुळे तोच शब्द तोंडात बसलाय. पुरवणी एकटी तपासायला जात नाही, मूळ उत्तरपत्रिकेला बांधूनच जाते. हा भागही मूळ 'कपहेड' असल्याशिवाय चालत नाही. पण चांगली पुरवणी मूळ पेपरातही भर घालते, आणि ही घालते. मूळ खेळातल्या थडग्यांच्या घरांत जी पेल्याची भुताई तुम्हाला नवी शक्ती देत होती, ती इथे 'मिस चॅलिस' म्हणून स्वतः खेळायला मिळते. तिला हवेत दुसरी उडी मारता येते, गोळ्यांमधून कोलांटी घेत निसटता येतं, आणि तिला तीनऐवजी चार जीव आहेत. तिला घेऊन तुम्ही मूळ खेळ ज्या बेटांवर घडतो, तिथल्या बॉसशीही पुन्हा लढू शकता. ज्या बॉसने तुम्हाला महिनाभर छळलं, त्याच्याकडे तिला घेऊन जाऊन बघा.

सगळ्याच पुरवण्या अशा नसतात, हे मला ठाऊक आहे. एप्रिल 2006 मध्ये 'ऑब्लिव्हियन' या खेळासाठी घोड्याचं चिलखत अडीच डॉलरला विकायला काढलं होतं. घोडा दिसायला बदलायचा, थोडा टणक व्हायचा, बस्स. लोक आजही ते नाव काढून चिडतात. मीही एकदा भाच्याच्या वाढदिवसाला एका खेळाचा 'नवा अध्याय' घेऊन दिला आणि उघडला तर नायकाचे चार पोशाख आणि वीस मिनिटांची एक मोहीम. त्या पोराने माझ्यासाठी आनंद झाल्याचं दाखवलं, ते मला जास्त लागलं. तेव्हापासून मी कुठलीही पुरवणी घेण्याआधी एवढंच बघते की यात नवं करायला काय आहे. नवं घालायला काय आहे, हे बघत नाही.

आणि चित्रांबद्दल मला बोलू द्या. पाचवीच्या मुलांकडून मी वहीच्या कोपऱ्यात चेंडू काढून घेते, प्रत्येक पानावर थोडा सरकवून. पानं फरफर सोडली की चेंडू उडतो आणि वर्ग एकदम गप्प होतो. 'कपहेड' तसाच बनलाय. 1930 च्या दशकातल्या अमेरिकी कार्टूनच्या पद्धतीने, कागदावर हाताने काढलेली चित्रं, सेकंदाला 24 च्या चालीने, आणि मागचे देखावे जलरंगात. कॅनडातल्या चॅड आणि जॅरेड मोल्डनहावर या भावांनी घरं गहाण टाकून तो पुरा केला. रेखाटनांवर शाई फिरवण्याचं काम माया मोल्डनहावर हिनेही केलं. ही पुरवणी त्यांनी 2018 मध्ये जाहीर केली, 2019 मध्ये द्यायची म्हणाले आणि दिली 2022 मध्ये. ग्लमस्टोन या डोंगराएवढ्या राक्षसाच्या लढतीत मागे बुटक्यांची काय लगबग चाललीय ते बघा, उशीर कशाला झाला ते कळेल. चित्रकलेच्या इंटरमीजिएट परीक्षेला बसणाऱ्या माझ्या मुलींना मी ती लढत मुद्दाम दाखवली. संगीत क्रिस्टोफर मॅडिगन यांचं आहे, त्यासाठी शंभराहून जास्त वादक बसवलेत. आवाज थोडा मोठा ठेवा.

म्हणून घरच्यांनाही सोफ्यावर बसवा. आमच्याकडे आई हातात कंट्रोलर धरत नाही, पण शेवटी शेवटी 'अगं, वरून आलं, वाक!' असं तीच सांगायची.

घेताना दोन गोष्टी सांभाळा. मूळ खेळ ज्या यंत्रावर, ज्या खात्यावर आहे, तिथेच पुरवणी घ्या. डिस्कवर खेळत असाल तर आधी तिच्यात ही पुरवणी आहे का ते बघा, बहुधा असते. स्टीम या संगणकावरच्या खेळांच्या ऑनलाइन दुकानातून घेत असाल तर 14 दिवसांच्या आत आणि घेतल्यानंतर दोन तासांहून कमी खेळला असाल तर पैसे परत मागता येतात. घाई नसेल तर सेलची वाट बघा, तेवढ्यात लेकीची सहामाही होऊन जाईल.

घेतल्यावर पुरवणीतलं नवं बेट कुठे दिसत नाही म्हणून गोंधळू नका. पहिल्या बेटावर परत जा. तिथे काठाला एक नावाडी उभा असेल, त्याच्याशी बोला.