अमेरिकन सैन्य निघालं, आता इराकची नोकरी घेऊ का?

तू दोन गोष्टी विचारल्यास. अमेरिकन सैन्य इराकमधून निघतंय, तर एसी टेक्निशियनच्या नोकरीसाठी आत्ता यावं की थांबावं? आणि एजंट उत्तर इराकमधल्या मोसुलची साइट देतोय, ती घ्यावी का? मी दक्षिणेत बसऱ्याच्या तेलक्षेत्रात इन्स्ट्रुमेंटचं काम करतो, त्यामुळे इथून जे दिसतं ते सांगतो.

सैन्य कधी जातंय याचा फार घोर लावून घेऊ नकोस. परकी सैन्यं इथे येतात नि जातात; 1916 मध्ये इथल्याच कूत गावी तुर्कांना शरण गेलेल्या ब्रिटिश फौजेचं नावच पुणे डिव्हिजन होतं. खरा प्रश्न असा की ते गेल्यावर नाक्यावर कोण उभं राहतं आणि तो कुणाचं ऐकतो.

बसऱ्याचंच बघ. डिसेंबर 2007 मध्ये ब्रिटिशांनी प्रांताची सुरक्षा इराक्यांच्या हवाली केली. पण पोलिसांत मिलिशियांची, म्हणजे खासगी सशस्त्र गटांची, माणसं घुसलेली होती. तीनच महिन्यांत तेव्हाचे पंतप्रधान मालिकी यांच्या सरकारला आपलं सैन्य पाठवून याच गल्ल्यांत लढावं लागलं. मोसुलला उलट झालं. जून 2009 च्या अखेरीस अमेरिकन तुकड्या शहरांबाहेर गेल्या, डिसेंबर 2011 मध्ये उरलेल्या कुवेतमध्ये गेल्या. लगेच काही कोसळलं नाही, आणि मग जून 2014 मध्ये काही दिवसांतच शहर आयसिसच्या हाती गेलं. त्याच वर्षी पुढे नवे पंतप्रधान अबादींनी संसदेत सांगितलं की चार डिव्हिजनमध्ये 50,000 सैनिक नुसते हजेरीपटावर होते. पगार निघत होता, माणूस नव्हता. असं लष्कर कितीही शिकवा, कितीही रणगाडे द्या, काय उपयोग?

त्याच जूनमध्ये मोसुलच्या बांधकामावरच्या 39 भारतीय कामगारांना पळवून नेऊन मारलं. घरच्यांना खात्रीची बातमी मिळायला मार्च 2018 उजाडलं. तिक्रित शहरात आयसिसच्या तावडीत सापडलेल्या 46 भारतीय नर्स मात्र सुखरूप घरी आल्या. हे तुला घाबरवायला सांगत नाही. आजचं मोसुल 2014 चं नाही, तिथे बांधकामं जोरात आहेत. पण पहिल्या खेपेला मी तिथे जाणार नाही.

आयसिसशी लढायला अमेरिकन सैन्य परत आलं होतं; सप्टेंबर 2024 मध्ये जाहीर झालेला त्याच्या माघारीचा आराखडा दोन टप्प्यांचा आहे, दुसरा सप्टेंबर 2026 पर्यंतचा. मागे राहतात इराकी लष्कर, उत्तरेत कुर्दांचे सैनिक म्हणजे पेशमर्गा, आणि हश्द, म्हणजे मुख्यतः शिया मिलिशियांची संघटना. हश्द सरकारी पगारावर आहे, पण त्यातले काही गट आपापल्या म्होरक्यांचंच ऐकतात. कामावर जाताना आमची बस सैतऱ्यावर, म्हणजे नाक्यावर, थांबते. शिपाई दांड्याचा आरसा गाडीखाली फिरवतो, मग बॅज बघतो. महिन्याभरात गणवेश नि झेंडे ओळखू यायला लागतात. एखाद्या दिवशी वेगळा झेंडा दिसला की ड्रायव्हर आधी रेडिओ बंद करतो.

आता तुझ्या कामाचं. ऑफर लेटरवर नुसतं 'इराक' लिहिलेलं असेल तर सही करू नकोस. शहर, साइट, कॅम्प कुठे आणि सुरक्षा कुणाची, हे लिहून घे. एजंटचं लायसन्स ई-मायग्रेट या भारत सरकारच्या साइटवर तपास. पासपोर्ट ईसीआर (परदेशी नोकरीसाठी सरकारी तपासणी लागणारा) असेल तर क्लिअरन्स लागतोच, आणि 'टुरिस्ट व्हिसावर चल, तिकडे बदलून देतो' म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठव. इथे आल्यावर पासपोर्ट कंपनीच्या कपाटात राहणार की तुझ्याकडे, हे आधीच विचार. गडबड झाली की पहिलं तेच अडतं. कुवेतची सीमा बसऱ्याहून जवळ आहे, पण व्हिसाशिवाय तिकडे कुणी घेत नाही, म्हणून विमानाच्या तिकिटाएवढे डॉलर वेगळे ठेव. भारतीय वकिलात बगदादला आहे, कॉन्सुलेट उत्तरेतल्या कुर्दांच्या अर्बिलला. दोन्हींचे नंबर घरीही देऊन ये.

बसरा किंवा अर्बिलची ऑफर मिळाली तर ये. पत्र आलं की मला पाठव, पगाराचा आकडा झाकलास तरी चालेल.