पांदणीत गाडी पडल्यापासून क्लच सुटत नाही. क्लचप्लेट बदलावी लागेल का?

भाऊ, प्लेट बदलू नका. इंजिन तर अजिबात उघडू देऊ नका.

तुम्ही लिहिलंय की वावरातून येताना पांदणीत गाडी डाव्या अंगावर पडली, क्लचचा लिव्हर मुठीकडे वाकला. तेव्हापासून लिव्हर पूर्ण दाबला तरी पहिल्या गिअरात गाडी पुढे ओढते आणि चालू गाडीत न्यूट्रल सापडत नाही. मिस्त्री म्हणतो प्लेटा गेल्या. पण पडायच्या आधी क्लच चांगला होता ना? मग हळू पडल्याने प्लेटा जात नाहीत. त्या इंजिनाच्या आत तेलात बुडालेल्या असतात, आणि स्प्लेंडर, शाइन, पल्सर अशा गाड्यांत उजव्या कव्हरखाली असतात. तुमची गाडी पडली डावीकडे. दुसरं म्हणजे प्लेट झिजल्याची खूण अगदी उलटी असते. तेव्हा क्लच घसरतो, रेस दिली की इंजिन ओरडतं आणि गाडी मात्र उचलत नाही. तुमची गाडी ओढते आहे, म्हणजे क्लच पूर्ण सुटतच नाही.

कारण साधं आहे. लिव्हर आत वाकला की त्याची चाल कमी होते. वायर पुरती ओढली जायच्या आधीच तो मुठीला टेकतो. वायर अर्धीच ओढली, तर क्लचही अर्धाच सुटणार.

खात्री करायची असेल तर घरीच करा. गाडी सपाट जागेवर बंद ठेवा, पहिला गिअर टाका, लिव्हर दाबून गाडी ढकला. जड जाईल. आता घरातल्या कोणाला तरी लिव्हर दाबायला सांगा आणि तुम्ही खाली इंजिनाजवळ बसा. वायर जिथे येऊन मिळते तिथे एक छोटी दांडी असते. ती सुरुवातीला नुसती थांबून राहते आणि शेवटी थोडीशीच हलते, असं दिसलं तर दोष वरच आहे, इंजिनात नाही.

लिव्हर ठोकून सरळ करू का, असं तुम्ही विचारलंय. करू नका. माझं वावर गावापासून 4 किलोमीटरवर आहे. काळ्या मातीची पांदण, पाऊस पडला की चिखल टायर आणि मडगार्डच्या मधे असा भरतो की चाक फिरत नाही. त्यात मीही पडलो होतो. लिव्हर दगडावर ठेवून हातोडीने सरळ केला, दिसायला नव्यासारखा झाला. पंधरा दिवसांनी दारव्हा-यवतमाळ रस्त्यावर ट्रकच्या मागे वेग कमी करायला क्लच दाबला, तर लिव्हर मधूनच तुटून हातात आला. तुटलेल्या जागी अर्धा भाग काळपट होता आणि अर्धा चकचकीत. म्हणजे ठोकला त्याच दिवशी त्याला तडा गेला होता, उरलेला भाग त्या दिवशी तुटला. हे लिव्हर ओतीव ॲल्युमिनियमचे असतात. लोखंडासारखे ते परत वळत नाहीत. नवा लिव्हर शे-दोनशे रुपयांत तालुक्याला मिळतो. जुना सोबत न्या आणि दोन्ही एकावर एक ठेवून बघा, बोल्टचं भोक आणि वायरची जागा जुळली पाहिजे.

बदलायला 10 नंबरचा पाना आणि एक पेचकस पुरतो. लिव्हरजवळ वायरवर ॲडजस्टर, म्हणजे वायर ताणायचा-ढिली करायचा स्क्रू, असेल तर तो पूर्ण आत फिरवा. त्याला आणि त्याच्या नटाला एकेक चीर असते, त्या दोन्ही चिरा लिव्हर ज्यात बसतो त्या भागाच्या पुढच्या चिरेशी एका रेषेत आणा. मग वायर त्यातून अलगद बाहेर निघते आणि टोकाची गोळी लिव्हरमधून काढता येते. ॲडजस्टर वर नसेल तर खाली इंजिनाजवळचे नट ढिले करा.

ही गोळी नीट बघा. तिथे वायरचा एखादा धागा जरी तुटलेला दिसला तर वायरही नवी घ्या, बाकीचे धागे फार दिवस टिकत नाहीत. गोळी लिव्हरमध्ये फिरायला हवी. चिखल वाळून ती घट्ट बसली की दर वेळी वायर त्याच जागी मुडपते आणि तिथेच तुटते. म्हणून जागा पुसून ग्रीस लावा, बोल्टलाही लावा. बसवून झाल्यावर चिरा एका रेषेत ठेवू नका, नाहीतर वायर परत निघेल.

ज्या पट्टीने लिव्हर हँडलला बसतो, ती पडताना फिरलेली असेल. ती जागेवर आणा आणि बोल्ट इतकाच कसा की हाताने जोर लावला तर पट्टी फिरेल. पुढच्या वेळी गाडी पडली तर पट्टी फिरून लिव्हर वाचतो.

आता ढील. लिव्हरच्या टोकाला बहुतेक गाड्यांत 10 ते 20 मिलिमीटर मोकळी चाल लागते, म्हणजे साधारण बोटाच्या जाडीएवढी. जास्त ठेवली तर गाडी आतासारखीच ओढेल. अजिबात ठेवली नाही तर क्लच कायम थोडा दाबलेला राहतो आणि मग खरोखरच प्लेटा जळतात. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघा, ढील बदलायला नको. बदलली तर वायर कुठेतरी अडकते आहे.

नवा लिव्हर मिळेपर्यंत गाडी नेणं भागच असेल तर ॲडजस्टर थोडा बाहेर काढून ढील कमी करा, क्लच बऱ्यापैकी सुटेल. गावापुरतंच तेवढं.

गिअरचा पायडल आणि फूटरेस्टही डावीकडेच असतात, तेही बघा. पायडल आत वाकून इंजिनाच्या कव्हरला टेकला तर गिअर पडत नाही आणि माणूस क्लचला दोष देतो. सकाळी गाडीखाली तेलाचा डाग नाही ना, हेही पाहून घ्या.

आणि तुमचं मनगट. मूठ धरलेली असताना पडलात, हात टेकला असेल. अंगठ्याच्या मुळाशी दाबून दुखत असेल तर मुका मार समजून सोडू नका, एक्स-रे काढा. तिथलं बारीक हाड मोडलेलं असलं तरी सूज कमी असते.

सगळं झाल्यावर रिकाम्या रस्त्यावर एक चक्कर मारा. चढावर तिसऱ्या गिअरात रेस द्या. आवाज वाढला आणि गाडी तेवढीच राहिली, तर वायर जास्त ताणली आहे, ॲडजस्टर थोडा आत घ्या.