उसन्या केसांची निगा : वाचकांचे प्रश्न

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे केसांच्या टोपाविषयी आणि हल्ली ज्याला सरसकट ‘हेअर पॅच’ म्हटले जाते त्या, टकलाच्या जागेपुरत्या चिकटवायच्या छोट्या टोपाविषयी आहेत. पाऊस सुरू झाला की अशी पत्रे वाढतात. उत्तरांपूर्वी एक खुलासा करतो : मी डॉक्टर नाही. देवळांच्या जत्रांत रात्रभर चालणाऱ्या नाटकांची रंगभूषा करता करता मी टोप विणायला शिकलो आणि पुढे तोच व्यवसाय झाला. त्यामुळे जेथे त्वचेचा किंवा औषधाचा प्रश्न येईल, तेथे मी तुम्हाला त्वचारोगतज्ज्ञाकडेच पाठवणार आहे.

प्रश्न : मी ३४ वर्षांचा असून म्हापशात राहतो आणि नोकरीसाठी रोज स्कूटरने पणजीला जातो. दीड वर्षापूर्वी एका पार्लरमध्ये टाळूवरचे केस वस्तऱ्याने काढून तेथे गोंदाने पॅच चिकटवून घेतला. ‘एकदा लावला की विसरून जा, आंघोळ करा, पोहा, झोपा,’ असे मला सांगितले होते. आता जून लागल्यापासून आठवडाभरातच कपाळाकडची कड सुटते, गोंद पांढरा पडून त्याचा चिकट लगदा होतो, हेल्मेट काढले की वास येतो आणि कपाळाच्या रेषेवर लाल पुळ्याही उठल्या आहेत. पार्लरवाले म्हणतात, याहून कडक गोंद लावू. लावून घ्यावा का?

उत्तर : नको. आधी पॅच काढा आणि पुळ्या पूर्ण बऱ्या होईपर्यंत तेथे काहीही चिकटवू नका. ‘विसरून जा’ असे तुम्हाला जे सांगितले गेले, तेथेच सारे बिनसले. नाटकातला टोप आम्हीही स्पिरिट गमने कपाळाला चिकटवतो आणि तोही नटाच्या घामाने भिजतो, पण पहाटे पडदा पडला की टोप उतरतो, त्याची जाळी पुसून ठेवली जाते आणि नट कपाळ खसखसून धुतो. तुमचा पॅच मात्र तीन-तीन आठवडे उतरतच नाही. पायातले मोजे न काढता त्यांच्यावरूनच पाय धुणाऱ्या माणसाला आपण काय म्हणू? टोप हे वस्त्र आहे आणि वस्त्रासारखाच तो उतरवून धुवावा लागतो. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या तक्रारी हे न सांगितल्यामुळे निर्माण झालेल्या असतात.

कड सुटण्याची कारणे साधी आहेत. टाळूवरचे उरलेसुरले केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात, म्हणजे वस्तरा फिरवल्यावर दोन आठवड्यांतच त्यांचे खुंट गोंदाचा थर खालून उचलू लागतात, आणि हे बाराही महिने चालते. पावसाळ्यात त्याला घामाची जोड मिळते. आपल्याकडे गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. त्या दिवसांत दोरीवरचा टॉवेलसुद्धा वाळत नाही, मग हेल्मेटखालचे डोके कसे वाळणार? बरेचसे गोंद ॲक्रिलिकचे असतात आणि ओल धरली की ते पांढरे व मऊ पडतात. त्यातून पॅचचा तळ पातळ प्लॅस्टिकसारख्या पॉलियुरेथेनचा असेल, तर घामाला बाहेर पडायला वाटच उरत नाही. गोव्यासाठी मी जाळीचा किंवा मोनोफिलामेंटचा (एकेरी बारीक धाग्यांनी विणलेल्या कापडाचा) तळ सुचवतो, ज्याच्या फक्त कडेला टेप लावण्यापुरती पॉलियुरेथेनची अरुंद पट्टी असते. जाळी नाजूक असते, लवकर विरते आणि पॅच वारंवार बदलावा लागतो, हा तोटा मान्य करूनही माझे मत तेच आहे.

पुळ्यांविषयी मी फक्त दोन गोष्टी सांगतो, बाकी डॉक्टर सांगतील. लाली जर टेपच्या किंवा गोंदाच्या पट्ट्याच्या आकारातच उमटली असेल आणि खाज फार असेल, तर चिकटपदार्थाची ॲलर्जी असण्याचा संभव असतो. पू धरलेल्या बारीक पुळ्या केसांच्या मुळाशी असतील, तर तो बहुधा जंतुसंसर्ग असतो. कधी दोन्ही एकत्र असतात आणि नुसत्या डोळ्यांनी ते ओळखणे माझ्यासारख्याचे काम नाही. ॲलर्जीचा संशय आला, तर त्वचारोगतज्ज्ञ संशयित पदार्थाचे ठिपके पाठीवर लावून, ४८ तासांनी काढून त्यांचा परिणाम तपासतात. बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात त्वचारोग विभाग आहे, तेथे जाता येईल. औषधांच्या दुकानातून खाज, बुरशी आणि जंतू अशा तिन्हींवर चालते म्हणून मिळणारे स्टिरॉइडयुक्त मलम मात्र स्वतःच्या मनाने चोळू नका. त्याने दोन दिवस बरे वाटते आणि त्यानंतर त्वचा पातळ होऊन दुखणे अधिक चिघळते.

पॅच कधीही ओढून काढू नये. आयसोप्रोपिल अल्कोहोल किंवा संत्र्याच्या सालीच्या तेलावर बनवलेले द्रावण कडेला थेंब थेंब सोडावे, पाच मिनिटे थांबावे आणि गोंद आपणहून सुटू लागला की पॅच हळूहळू उचलावा. हे अल्कोहोल चटकन पेट घेते, म्हणून देवघरातल्या समईपासून आणि गॅसपासून ते लांब ठेवावे. (पुळ्यांवर ते झोंबते, तेव्हा या खेपेला तेलाचे द्रावणच बरे.) त्वचा बरी झाल्यावर गोंदाऐवजी दुहेरी चिकटणारी टेप वापरा, पॅच शक्यतो रोज रात्री आणि निदान एक दिवसाआड तरी उतरवा, डोके सौम्य शाम्पूने धुऊन पूर्ण कोरडे होऊ द्या. नवी टेप लावण्यापूर्वी तिचा तुकडा दंडाच्या आतल्या बाजूला दोन दिवस लावून पाहा. दिवाळीच्या अभ्यंगस्नानाला पॅच काढूनच बसा, कारण खोबरेल तेलाने टेप सुटते आणि जाळीतल्या गाठीही सैल होतात.

हेल्मेटच्या आत सुती किंवा साटिनची पातळ टोपी घालावी. त्याहून चांगला उपाय म्हणजे पॅच डब्यात घालून न्यावा आणि कचेरीत पोहोचून, डोके पुसून, मग लावावा. यात लाजण्यासारखे काही नाही. पॅच विस्कटतो म्हणून हेल्मेटच टाळणारे दोघे-तिघे माझ्या पाहण्यात आहेत. त्यांना मी पॅच विकायला नकार दिला आहे.

शेवटी, तुमचे टाळूवरचे केस औषधाने टिकण्याजोगे होते की नव्हते, हे वस्तरा फिरवण्यापूर्वी कोणी तपासले होते का? वस्तऱ्याने केस मुळापासून नाहीसे होत नाहीत हे खरे, पण पॅचखाली काय चालले आहे हे मग दिसतही नाही. मिनॉक्सिडिलसारख्या औषधाचा गुण यायला चार ते सहा महिने लागतात आणि ते नेमाने लावायचे असेल तर गोंदाने कायम चिकटवलेला पॅच आड येतो. डॉक्टरांकडे जालच, तेव्हा हेही विचारून घ्या.

प्रश्न : मी माशेलचा. दरवर्षी आषाढात देवकीकृष्णाच्या देवळासमोर चिखलकालो खेळतो. यंदा मार्चमध्ये पॅच बसवला आहे. पॅच लावून चिखलात उतरता येईल का?

उत्तर : येणार नाही. अंगाला तेल चोपडून, चिखलात लोळून खेळायचा हा खेळ आहे. तेलाने टेप सुटेल, चिखल जाळीत बसेल आणि तो धुऊन निघण्याआधी केसांचा गुंता होईल. पॅच घरी ठेवून जा. गड्यांना एकदा टक्कल दिसेल, थोडी थट्टाही होईल, पण ज्यांच्याबरोबर लहानपणापासून चिखलात लोळलात त्यांना तुमच्या डोक्यावर काय आहे हे मार्चपासूनच ठाऊक असणार.

प्रश्न : मी ४८ वर्षांची गृहिणी, फोंडा तालुक्यात राहते. स्तनाच्या कर्करोगासाठी पुढच्या आठवड्यापासून माझी केमोथेरपी सुरू होत आहे. केस जाणार असे डॉक्टरांनी सांगितले आहे. नोव्हेंबरात पुतणीचे लग्न आहे. टोप आत्ता घ्यावा की केस गेल्यावर? माणसाच्या केसांचा घ्यावा की कृत्रिम? घरी सासूबाई आहेत, स्वयंपाक मीच करते.

उत्तर : ताई, टोप आत्ताच पाहून ठेवा. ज्या औषधांनी केस जातात, त्यांच्या पहिल्या मात्रेनंतर साधारण दोन-तीन आठवड्यांत गळती सुरू होते आणि तेव्हा धावपळ करायचे त्राण नसते. आज तुमचे केस डोक्यावर आहेत, म्हणून त्यांचा रंग, भांग आणि कपाळावरची रेषा जुळवता येते. मापाच्या बाबतीत मात्र एक ध्यानात ठेवा : केस गेल्यावर डोक्याचा घेर थोडा कमी भरतो, म्हणून मागे पट्ट्या घट्ट-सैल करता येतील असाच टोप घ्यावा.

तुमच्यासाठी मी कृत्रिम केसांचा टोप सुचवेन. तो हलका असतो, पुष्कळ स्वस्त असतो आणि धुतल्यावर त्याची घडण तशीच राहते; माणसाच्या केसांचा टोप दर धुण्यानंतर नव्याने विंचरून बसवावा लागतो. तिरुमलाला भाविक जे केस देवाला अर्पण करतात त्यांचा देवस्थान लिलाव करते आणि पुढे त्यांचेच टोप देशोदेशी जातात. ते केस उत्तम असतात यात वाद नाही, पण सहा-आठ महिन्यांच्या गरजेसाठी एवढा खर्च करू नये, असे मला वाटते. कृत्रिम केसांचा एकच मोठा शत्रू म्हणजे उष्णता. कुकरची वाफ, ओव्हनचे दार उघडताना येणारी झळ, फोडणीवर वाकणे, आरतीचे ताट अगदी जवळ धरणे, यांनी साध्या कृत्रिम केसांची टोके आकसून कुरळी होतात आणि ती पुन्हा सरळ होत नाहीत. स्वयंपाकघरात टोप काढून डोक्याला सुती रुमाल बांधा, आणि माझे ऐकाल तर या काही महिन्यांत स्वयंपाक दुसऱ्या कोणावर तरी सोपवा.

गोंद किंवा टेप तुम्ही अजिबात वापरू नका. केमोथेरपीच्या काळात पांढऱ्या पेशी कमी होऊन जंतुसंसर्गाचा धोका वाढतो, तेव्हा डोक्यावरची छोटी जखमसुद्धा परवडत नाही. टाळू हळवी झालेली असते, म्हणून टोपाखाली मऊ सुती टोपी घाला. तिने घामही टिपला जातो आणि टोप सरकतही नाही. लग्नात अबोलीचे वळेसर माळायचे असेल तर ते हलके घ्या आणि टोपाच्या जाळीच्या भक्कम भागाला, मागच्या बाजूला गुंफून घ्या, नाहीतर त्याच्या ओलसर भाराने टोप मागे ओढला जातो आणि कपाळ मोठे दिसू लागते. उपचार संपल्यावर बहुतेकींचे केस एक ते तीन महिन्यांत परत उगवू लागतात. सुरुवातीला ते कुरळे किंवा वेगळ्या रंगाचे आले तर घाबरू नका. त्या कोवळ्या केसांना अंबाडा मोठा दिसावा म्हणून गंगावन मात्र इतक्यात बांधू नका, कारण त्याच्या ओढीनेच केस तुटतात आणि ती ओढ वर्षानुवर्षे राहिली तर जागा कायमची विरळ होते.

सासूबाईंना टोप घालण्यापूर्वी एकदा दाखवून ठेवा. घरातल्या वृद्ध माणसांना अचानक बदललेले डोके पाहून जो धक्का बसतो, तो टाळता येण्यासारखा असतो.

प्रश्न : वय २९. स्थळे येत आहेत. मी पॅच वापरतो हे मुलीला केव्हा सांगावे? आई म्हणते, लग्नानंतर आपोआप कळेल.

उत्तर : साखरपुड्यापूर्वी, आणि आपल्याकडच्या रीतीने बोलायचे तर विवाहनोंदणीसाठी निबंधकाकडे करायच्या दोन सह्यांपैकी पहिल्या सहीच्याही आधी सांगावे. दुसऱ्या भेटीत, मध्यस्थाकरवी न कळवता स्वतःच, चार वाक्यांत सांगा. पत्रिका, पगार, रक्तगट सगळे विचारले जाते आणि ही एवढीच गोष्ट लपवली जाते, मग ती उघड झाल्यावर टकलापेक्षा लपवण्याचाच राग अधिक येतो. तुमच्या आईंचा हेतू वाईट नाही, पण ‘आपोआप कळेल’ म्हणजे रोज रात्री दार लावून पॅच काढायचा, टेपचे तुकडे लपवायचे आणि उशीला डोके टेकून जागेच राहायचे. तो त्रास त्यांनी भोगलेला नाही. पॅच न लावलेला एक चांगला फोटो काढून ठेवा आणि सांगताना तोही दाखवा. नकार आलाच, तर तो पहिल्या सहीच्या आधी आलेला बरा.

प्रश्न : मडगावहून लिहिते. माझा टोप क्लिपांचा आहे. पुढच्या आठवड्यात डोक्याचा एमआरआय आहे आणि त्यानंतर मोपाहून विमानाने मुलाकडे जायचे आहे. टोप काढावा लागेल का?

उत्तर : एमआरआयच्या खोलीत धातूची क्लिप मुळीच चालत नाही, म्हणून टोप बाहेरच काढून ठेवा आणि तो क्लिपांचा असल्याचे तेथील तंत्रज्ञांना आधी सांगा. डोके झाकायला साधा सुती रुमाल न्या. जरीचा नको, कारण जरीतही धातू असू शकतो. विमानतळावर टोप घालून जाता येते. क्लिपांमुळे यंत्र वाजले तर तपासणी करणाऱ्या महिला कर्मचाऱ्याला हळूच सांगा. स्त्रियांची तपासणी पडद्याआडच्या कक्षात होते, त्यामुळे टोप दाखवायची वेळ आली तरी ती चारचौघांत येणार नाही. प्रवासात क्लिपा एकाच जागी फार वेळ राहू देऊ नका. विमानातून उतरल्यावर त्या बोटभर पुढे-मागे सरकवा, म्हणजे त्याच त्या केसांवर ओढ बसणार नाही.