कोपऱ्यावरच्या एपिस्कोपल चर्चमध्ये सप्टेंबरपासून एवढी गडबड कसली चालते? आम्ही ख्रिस्ती नाही, गेलो तर चालेल का?

चालेल. हे आधीच सांगून टाकते, कारण तुमच्या प्रश्नाचा अर्धा जीव त्यातच अडकलाय. उरलेला अर्धा म्हणजे चर्चसमोरच्या पाटीवर दर आठवड्याला बदलणारा मजकूर: 'प्राण्यांना आशीर्वाद', 'प्लेज संडे', 'ऑल सेंट्स', 'हार्वेस्ट फेअर'. हे सण आहेत की नुसते कार्यक्रम, आणि सगळं याच तीन महिन्यांत का, असं तुम्ही विचारलंय. त्यासाठी जरा ऐसपैस लिहावं लागेल.

मी मूळची पुण्याची, गुरुवार पेठेतल्या पंचहौदच्या पवित्र नाम देवालयात वाढलेली. आता बरीच वर्षं मॅसॅच्युसेट्समध्ये आहे आणि इथल्या एका लहानशा एपिस्कोपल पॅरिशमध्ये, म्हणजे स्थानिक मंडळीत, जाते. दोन्ही चर्चचं कूळ एकच, अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चचं. पंचहौद मिशन ज्यांनी चालवलं त्या काऊली फादर्स या अँग्लिकन संन्याशांच्या संघाचा मठ इथे केंब्रिजला चार्ल्स नदीच्या काठी आजही आहे. पुण्याकडची अँग्लिकन मंडळी १९७० साली चर्च ऑफ नॉर्थ इंडियात (सीएनआय) आली. इथल्यांची इंग्लंडच्या चर्चपासून ताटातूट त्याच्या कितीतरी आधी झाली. अमेरिका स्वतंत्र झाल्यावर इंग्लंडच्या बिशपांना राजनिष्ठेच्या शपथेशिवाय कुणाला बिशप करता येईना. मग सॅम्युएल सीबरी स्कॉटलंडला गेले आणि १४ नोव्हेंबर १७८४ रोजी ॲबर्डीनमध्ये बिशप होऊन आले. तेव्हापासून यांचा राजाशी संबंध नाही, पण प्रार्थनापुस्तकाशी आहे. बाकांच्या पाठीला दोन पुस्तकं खोचलेली दिसतील. एक १९७९ चं प्रार्थनापुस्तक, दुसरं १९८२ चं गीतांचं. उपासना कुठवर आली ते कळेनासं झालं तर शेजारचा माणूस न बोलता पान उघडून देतो.

आता तुमचा मुख्य प्रश्न. पंचांगाप्रमाणे चर्चचं वर्ष नाताळच्या तयारीच्या आगमनकाळापासून, म्हणजे ३० नोव्हेंबरच्या जवळच्या रविवारी सुरू होतं. व्यवहारात मात्र ते सप्टेंबरमध्येच सुरू होतं. उन्हाळ्यात निम्मी मंडळी केप कॉडला नाहीतर मेनला गेलेली असते, गायकवृंदाला सुट्टी असते आणि दोनऐवजी एकच उपासना होते. सप्टेंबरचा पहिला सोमवार, लेबर डे, उलटला की पुढच्या रविवारी सगळे परत. आठची उपासना जुन्या धाटणीच्या भाषेत आणि गाण्याविना. तिला येणारे बहुतेक वयस्क, आणि उपदेश लांबला की घड्याळाकडे उघडपणे बघणारे. दहाच्या उपासनेला गायकवृंद, लहान मुलं, गोंगाट. मुलांची शब्बाथ शाळा (संडे स्कूल) त्याच दिवशी सुरू होते. वेदीवर मदत करणाऱ्या मुलांचे पांढरे झगे तेव्हा बघण्यासारखे असतात. जूनमध्ये घोट्यापर्यंत आलेला झगा सप्टेंबरात पोटरीवर चढलेला, आणि खाली स्नीकर्स. मग कपाटापाशी अदलाबदल चालते, थोरल्याचा झगा धाकट्याला.

वेदीवरचं कापड या काळात हिरवं असतं. पेंटेकॉस्ट या ईस्टरनंतरच्या सणापुढचा हा लांबलचक काळ, त्यात मोठा सण नाही. नाताळ आणि ईस्टरला चर्च पाहुण्यांसाठी नटलेलं असतं. फुलं, दिवे, तुतारीवाले भाड्याने आणलेले. रोजचं चर्च चालतं कसं, कोण चालवतं, कशावर चालतं, हे बघायचं तर या हिरव्या दिवसांतच बघावं. म्हणून माझं मत विचाराल तर तुम्ही अगदी योग्य वेळी विचारलंत.

प्राण्यांचा कार्यक्रम ४ ऑक्टोबरच्या आसपास, असिसीच्या संत फ्रान्सिसच्या दिवसाला धरून होतो. न्यूयॉर्कच्या सेंट जॉन द डिव्हाइन कॅथीड्रलमध्ये या दिवशी उंट, हत्तीसुद्धा मिरवणुकीत चालले आहेत. आमच्याकडे हिरवळीवर वीस-पंचवीस कुत्री, जाळीच्या खोक्यात बसून सगळ्यांचा राग राग करणारी मांजरं आणि एखादा हॅमस्टर. रेक्टर बाई, म्हणजे पॅरिशच्या मुख्य पाद्री, एकेकाच्या डोक्यावर हात ठेवतात, नाव विचारतात, त्या नावाने आशीर्वाद देतात आणि पाणी शिंपडतात. कुत्रं अंग झाडतं, पाणी उलट त्यांच्यावरच येतं. मेलेल्या कुत्र्याचा फोटो घेऊन येणारेही असतात. त्यांनाही रांगेत तेवढाच वेळ मिळतो. तुमच्याकडे कुत्रं असेल तर पहिल्यांदा यायला हा दिवस सगळ्यात सोपा. कुणी तुमचा धर्म विचारणार नाही, कुत्र्याचं वय विचारतील.

'प्लेज' या प्रकाराला आपली माणसं सगळ्यात जास्त बिचकतात. ऑक्टोबर लागला की घरी पत्र येतं. आत पोस्टकार्डाएवढं जाड कार्ड असतं: नाव, आठवड्याला किंवा महिन्याला किती, पुढच्या वर्षभराचे एकूण किती, सही. गणपतीची वर्गणी मंडळाची पोरं दारात येऊन मागतात, पावती फाडतात आणि विषय संपतो. इथे तुम्ही पुढच्या वर्षी काय द्याल याचा अंदाज लिहून द्यायचा. कायद्याने तो बांधून ठेवत नाही. नोकरी गेली तर फोन करून आकडा बदलता येतो. चर्चला सरकारी अनुदान नाही, जर्मनीसारखा चर्चचा करही नाही. या कार्डांची बेरीज झाली की व्हेस्ट्री अंदाजपत्रक बांधते. व्हेस्ट्री म्हणजे निवडून आलेली समिती. सीएनआयवाल्यांना पास्टरेट कमिटी म्हटलं की लगेच कळेल. तिच्यात दोन वॉर्डन असतात. सीनियर वॉर्डन रेक्टरचा उजवा हात, आणि ज्युनियर वॉर्डनच्या गळ्यात बहुतेक ठिकाणी इमारत पडते. न्यू इंग्लंडात इमारत गळ्यात पडणं म्हणजे काय, ते ऑक्टोबरात बॉयलर पहिल्यांदा पेटवताना कळतं.

त्या अंदाजपत्रकाचा कागद हॉलमध्ये भिंतीवर लावतात, आणि मला तो आवडतो. रेक्टरचा पगार किती, त्यावर पेन्शन फंडाला जाणारे १८ टक्के किती, ऑर्गन वाजवणाऱ्याला किती, विमा, तेल, बर्फ काढणाऱ्याला किती, डायोसिझला (बिशपच्या प्रांताला) किती, सगळं उघड. देवाच्या नावाने पैसे मागायचे आणि हिशेब विचारला की तोंड फिरवायचं, असलं मी दोन्ही देशांत पाहिलंय, त्यामुळे हा कागद मला उपदेशापेक्षा जास्त भावतो. दशांशाची, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग देण्याची, गोष्ट निघते, पण देणारे थोडे. कोण किती देतं हे साधारण एका-दोघांनाच माहीत असतं. एका रविवारी सगळी कार्डं तबकात गोळा होतात आणि भाकर-द्राक्षारसाबरोबर वेदीवर जातात. तुम्ही पाहुणे आहात; तबक समोर आलं तर सरळ पुढे द्या. कुणाच्या भुवया वर जात नाहीत.

याच काळात निळी खोकीही दिसतील, हाताच्या तळव्यावर मावतील एवढी, पुठ्ठ्याची. युनायटेड थँक ऑफरिंगची ही पद्धत बायकांनी सुरू केली, त्याचा उगम १८८९ चा. दिवसभरात काही चांगलं घडलं की खोक्यात एखादं नाणं टाकायचं आणि शरदात किंवा वसंतात ती गोळा करून द्यायची. आमच्या घरी ते फ्रीजवर असतं. मुलगा शाळेची बस चुकली नाही म्हणूनही नाणं टाकतो, पण पैसे माझ्या पर्समधले.

१ नोव्हेंबर हा सर्व संतांचा दिवस, २ नोव्हेंबर मृतांच्या स्मरणाचा. बऱ्याच पॅरिशमध्ये दोन्ही मिळून जवळच्या रविवारी करतात. त्या दिवशी हिरवं जाऊन पांढरं येतं. आधी दोन आठवडे दाराशी एक वही ठेवलेली असते, तिच्यात आपल्या गेलेल्या माणसांची नावं लिहायची. उपासनेत ती एकेक करून मोठ्याने वाचतात. मी आजीचं नाव लिहिलं, त्यात 'ळ'. वाचणारे निवृत्त शिक्षक आहेत. त्यांनी आदल्या रात्री फोन करून तो 'ळ' माझ्याकडून चार-पाच वेळा म्हणवून घेतला. दुसऱ्या दिवशी तरी त्यांनी 'ल'च म्हटलं, पण आधी किंचित थांबून, तयारीने. सप्टेंबरात पितृपक्ष करणाऱ्या घरातून आलेल्या माणसाला या रविवारी फारसं परकं वाटू नये. मजा अशी की हाच दिवस बाप्तिस्म्यासाठीही खास मानलेला आहे. नावं वाचून होतात आणि थोड्याच वेळात एखादं तान्हं बाळ पाणी पडल्यावर भोकाड पसरतं. बाळाचे आईवडील आणि धर्मपालक (गॉडपेरेंट्स) वचनं देतात तेव्हा सगळी मंडळीही आपापली वचनं पुन्हा म्हणते. त्यातलं एक प्रत्येक माणसाची प्रतिष्ठा राखण्याचं आहे, उत्तर 'देवाच्या साहाय्याने राखीन'. निवडणुकीच्या वर्षी हे वचन म्हणताना काहींचे आवाज जरा खाली जातात. काही ठिकाणी तर चर्चचा हॉलच मतदान केंद्र असतो. पुढच्याच मंगळवारी तीच मंडळी तिथे रांगेत.

हार्वेस्ट फेअर म्हणजे जत्रा आणि जुना बाजार एकत्र. शनिवारी भरते. सफरचंद भरलेले 'ॲपल पाय' आठवडाभर आधीपासून हॉलच्या स्वयंपाकघरात होतात. एकजण सोलतो, दुसरा चिरतो, तिसरी पीठ लाटते, आणि गावातल्या सगळ्या बातम्या त्याच टेबलावर कळतात. 'व्हाइट एलिफंट' नावाच्या टेबलावर लोकांच्या माळ्यावरच्या वस्तू येतात. एक काचेचं सूपचं भांडं मी तिथे दरवर्षी बघते. कुणीतरी विकत घेतं आणि पुढच्या वर्षी परत आणून देतं. आम्हा मराठी ख्रिस्ती घरांत करंज्या-शंकरपाळे नाताळचे, पण मी ते फेअरसाठी नोव्हेंबरातच तळते. शंकरपाळे हातोहात जातात. करंजी बघून लोक आत मांस आहे का विचारतात.

थँक्सगिव्हिंगबद्दल इथल्या माणसांनाही न सुचणारी एक गंमत. हा आभार मानायचा सण ज्यांच्यापासून आला असं मानतात, ते १६२० मध्ये प्लिमथला उतरलेले पिल्ग्रिम इंग्लंडच्या चर्चमधून फुटून निघालेले होते. अँग्लिकन प्रार्थनापुस्तक त्यांना नको होतं. आणि त्याच अँग्लिकन परंपरेतल्या एपिस्कोपल लोकांनी १७८९ च्या आपल्या पहिल्या प्रार्थनापुस्तकात नोव्हेंबरच्या पहिल्या गुरुवारी पिकांबद्दल देवाचे आभार मानायची उपासना घालून ठेवली. लिंकनने १८६३ मध्ये राष्ट्रीय दिवस जाहीर केला त्याच्या कितीतरी आधी. आता तो नोव्हेंबरचा चौथा गुरुवार. उपासना आदल्या संध्याकाळी किंवा त्या सकाळी, छोटी, कारण सगळ्यांचं लक्ष ओव्हनकडे. खरं काम आधीच्या आठवड्यात होतं. गरजू घरांसाठी खोकी भरायची असतात, त्यात क्रॅनबेरीचे डबे, बटाटे, टर्की. त्याच दिवशी प्लिमथला मूळ रहिवासी १९७० पासून राष्ट्रीय शोकदिन पाळतात. आमच्या पॅरिशमधले काहीजण तिकडे जातात, काहींना ते अजिबात पटत नाही, आणि दोघं रविवारी एकाच बाकावर बसतात.

आता तुम्ही गेलात तर काय करायचं. कुठेही बसा, फक्त पहिल्या बाकावर नको. लोक कधी उठतात-बसतात ते समोर बघून कळतं. मध्येच सगळे एकमेकांशी हात मिळवून 'पीस' म्हणतात, तेव्हा तुम्हीही म्हणा. प्रभुभोजनाचं, म्हणजे भाकर-द्राक्षारस घेण्याचं, आमंत्रण बाप्तिस्मा झालेल्यांना असतं. तुम्ही बसून राहिलात तरी ठीक, किंवा रांगेतून पुढे जाऊन दोन्ही हात छातीवर आडवे धरलेत की पाद्री नुसता आशीर्वाद देतात. गुडघे टेकण्याची सक्ती नाही. नंतर हॉलमध्ये कॉफी असते. १८९० साली पंचहौदच्या मिशनमध्ये चहा घेतला म्हणून रानडे-टिळकांच्या मागे ग्रामण्य (जातीबाहेर टाकण्याचा वाद) आणि प्रायश्चित्ताचं लचांड लागलं होतं. इथली कॉफी पातळ आहे, एवढाच धोका.

सदस्य व्हा म्हणून तगादा नाही; नाव लिहायचं कार्ड असतं, नाही भरलं तरी चालतं. गायकवृंदात यायला बाप्तिस्मा लागत नाही, फक्त तालमीला यावं लागतं, आणि सप्टेंबरातच आलात तर नाताळपर्यंत सूर जुळतात. पॉटलकला, म्हणजे ज्याने-त्याने पदार्थ आणायच्या जेवणाला, काही नेलंत तर भांड्यावर चिठ्ठी लावा आणि काजू-शेंगदाणे असतील तर तसं ठळक लिहा. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळ एक तास मागे जातं. त्या दिवशी विसरून तासभर आधी पोचलात तर मागच्या दाराने थेट हॉलमध्ये जा. टेबलं मांडायला माणसं कमीच असतात.