शेक संपल्यानंतरची आग

"शेक संपलो, मगे आग वाढता कशाक?" मालवणजवळच्या गावातून आलेल्या काकींनी खुर्चीत बसण्याआधीच हा प्रश्न केला. त्यांची ओळख उघड होऊ नये म्हणून काही तपशील येथे बदलले आहेत. स्तनातील गाठ शस्त्रक्रियेने काढल्यावर त्या तीन आठवडे कोल्हापुरात बहिणीकडे राहिल्या होत्या आणि रेडिएशनच्या 15 बैठका एकही न चुकवता पूर्ण करून घाट उतरून घरी आल्या होत्या. शेवटच्या दिवशी कातडी नुसती लालसर होती. त्यानंतर नवव्या दिवशी मात्र स्तनाखालच्या घडीत ती सोलवटून ओली झाली होती आणि ब्लाउजवर हळदीचे पिवळे डाग पडले होते. मशीनने जास्त भाजले, अशी मुलाची शंका होती, कारण शेजारच्या बाईंना पूर्वी 25 दिवस दिलेला शेक आईला 15 दिवसांतच उरकला होता. काकींच्या मनात याहून मोठी भीती होती, ती त्यांनी मुलगा बाहेर गेल्यावर सांगितली: आजार आता कातडीवर आला असेल काय?

आपल्याकडे रेडिएशनला 'शेक' किंवा 'लाईट' म्हणतात. हा शब्द सोयीचा असला तरी माझ्या मते निम्मी भीती त्यातूनच येते, कारण शेक म्हटला की विस्तव आठवतो आणि विस्तवापासून दूर झालो की भाजणे थांबते, असे आपण धरून चालतो. क्ष-किरणांचे काम तसे नाही. मशीनखाली झोपल्यावर ऊब जाणवतही नाही. कातडीच्या तळाशी ज्या पेशी सतत नव्या तयार होत असतात, त्यांना हे किरण इजा करतात. वरचा थर नेहमीप्रमाणे झडत राहतो, पण त्याची जागा घेणारा नवा थर खालून वेळेवर येत नाही. ही तूट दिसायला दोन-तीन आठवडे लागतात. म्हणून लाली साधारण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात सुरू होते आणि शेवटच्या बैठकीनंतर आठ-पंधरा दिवस सर्वांत जास्त असते. छोट्या वेळापत्रकात तर ही वाढ घरी परतल्यावरच दिसते. काकींची कातडी नेमकी त्याच टप्प्यावर होती.

दिवस कमी म्हणजे किरण जास्त, हे मुलाचे गणितही बरोबर नव्हते. जुन्या पद्धतीत 25 बैठकांत 50 ग्रे (ग्रे म्हणजे किरणांचा डोस मोजण्याचे माप) देत, तर आता अनेकांना 15 बैठकांत सुमारे 40 ग्रे देतात. रोजचा डोस थोडा जास्त असला तरी एकूण डोस कमी असतो आणि कातडीचा त्रासही सहसा कमी होतो, हे मोठ्या अभ्यासांत दिसून आले आहे. आईला 15 दिवस दिले, यात कोणाची चूक झालेली नव्हती.

मग घडीतच इतके का सोलवटले? पाणी लागू द्यायचे नाही असे कोणीतरी सांगितल्यामुळे काकींनी तीन आठवडे तो भाग धुतलाच नव्हता. त्यात वैशाखातला आपल्या किनारपट्टीवरचा घाम, घट्ट ब्लाउजचे घर्षण, आणि त्यावर हळद व भेगांवर लावतात ते मुठेल, म्हणजे कोकमाचे तेल! घरच्यांनी हे सारे मायेनेच केले होते, पण दाट लेपाखाली घाम कोंडून कातडी अधिकच मऊ पडली होती. आमच्या परिचारिकेने कोमट सलाईनने तो लेप हलकेच सोडवला, तेव्हा काकींनी माझे मनगट घट्ट धरून ठेवले होते. खाली रुपयाच्या नाण्याएवढा गुलाबी, ओलसर भाग निघाला. पू नव्हता, वासही नव्हता. डॉक्टरांनी तपासून आजार परतल्याची कोणतीही खूण नसल्याचे सांगितले आणि कातडीला न चिकटणारी मऊ पट्टी लावून दिली.

रोज कोमट पाण्याने व सौम्य साबणाने न चोळता धुवावे, मऊ सुती कापडाने टिपून कोरडे करावे, सैल सुती कपडे घालावेत आणि डॉक्टरांनी दिलेले मलम सुटलेल्या कातडीवर नव्हे, तर भोवतालच्या कोरड्या भागावर पातळ लावावे, हे मी काकींना दोनदा सांगितले आणि सुनेला कागदावर लिहून दिले. बर्फ आणि गरम पाण्याची पिशवी दोन्ही टाळावीत. खळ्यात मासळी वाळत घालताना शेक घेतलेल्या भागावर ऊन येऊ देऊ नये. ताप आला, पू किंवा दुर्गंधी आली, लाली झपाट्याने पसरू लागली, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

सून नातवाला काकींच्या जवळ येऊ देत नव्हती, हे बोलता बोलता कळले. बाहेरच्या मशीनमधून दिलेले किरण अंगात साठून राहत नाहीत. बाळाला मांडीवर घ्यायला पहिल्या दिवसापासूनच हरकत नव्हती. हे ऐकल्यावर काकी पहिल्यांदा रडल्या.

पाच आठवड्यांनी त्या आल्या तेव्हा कातडी मिटली होती. घडीत काळसर डाग उरला होता. तो पुष्कळदा काही महिन्यांत फिकट होत जातो, क्वचित थोडा राहतोही, हे मी त्यांच्यापासून लपवले नाही. शेवटच्या बैठकीच्या दिवशी पुढच्या पंधरवड्याची कल्पना त्यांना कोणी दिली असती, तर त्या नऊ रात्री त्यांनी जागून काढल्या नसत्या, याची खंत मला आहे. म्हणून कोकणातून शेक घेण्यासाठी घाट चढणाऱ्या प्रत्येक बाईच्या कार्डावर मी आता आधीच लिहून देते: घरी गेल्यावर आग वाढेल, मग उतरेल, रोज धुवा.